गावाला भेट दिलेला नळ

एका बिल्डरच्या बालपणात मी माझ्या वडिलांचं बालपण घातलं होतं. चार मैल अनवाणी शाळा, घरात रॉकेल नाही म्हणून देवळातल्या समईपाशी बसून केलेला अभ्यास, आईने गवताचे भारे विकून आणलेली पाटी. हे सगळं आमच्या वडिलांचं, मालवणाकडचं. बिल्डर जन्मला होता घाटकोपरला, बापाच्या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शाळेत न्यायला त्याला गाडी होती, आणि हे त्यानेच मला सांगितलं होतं, तेही जरा कौतुकाने.

तो मजकूर छापून आला तेव्हा वडिलांनी तो चहा घेताना वाचला. गिरणी बंद पडल्यापासून ते सगळं वर्तमानपत्र वाचत, जाहिरातींसकट. वाचून झाल्यावर म्हणाले, "ह्यो पण आमच्यासारखोच दिसता गो. कष्टातून वर इलेलो." मला राग आला. तो माझा मलाच आला होता, पण काढला त्यांच्यावर. बनियनवर चहा सांडला एवढ्याचं निमित्त करून मी त्यांना इतकं बोलले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तो राग अजून गेलेला नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यांचा निवला असेल त्यांनी खुशाल शांत बसावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि अंधेरीच्या पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात कामाला लागले होते. खाली प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. त्याच्या वासाने डोकं चढायचं. आमच्या दारावर इंग्रजीत पाटी होती, तिचा अर्थ एवढाच की पैसे घेऊन आम्ही लोकांची नावं चांगली करून देतो. इंग्रजी मजकूर साहेब स्वतः लिहीत. मराठी मजकुरासाठी त्यांना कोणीतरी हवं होतं, ते मी.

साहेब पूर्वी वर्तमानपत्रात होते. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट असते तर मी पहिल्याच आठवड्यात निघून गेले असते. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, एक नियम आहे. खोटं लिहायचं नाही. कधीच नाही. खऱ्यातलं काय लिहायचं आणि काय नाही, ते आपण ठरवायचं. बस." मला ते फार सभ्य वाटलं. बिल्डरच्या बालपणाबद्दल मी त्यांना नंतर विचारलं, तर म्हणाले, "त्याचं बालपण कुठे तू लिहिलंस? तू लिहिलंस 'कष्टाची जाण असलेल्या घरात वाढले.' आणि पुढे म्हटलंस 'कोकणातली मुलं अशी शाळेत जात.' झकास. वाचणाऱ्याने जोडलं, त्याला आपण काय करणार?"

मजकुराला आम्ही प्रेसनोट म्हणायचो. कागदाच्या एकाच बाजूला लिहायची, वर समास सोडायचा, म्हणजे उपसंपादकाला मथळा द्यायला जागा राहते. सोबत काळा-पांढरा फोटो. पाकिटं हातोहात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचवायची. तिथे माणसं कमी आणि रकाने जास्त, त्यामुळे चांगली लिहिलेली नोट जशीच्या तशी छापून यायची, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं लावून. मग ती कापायची, जाड कागदावर डिंकाने चिकटवायची, आणि कात्रणांची फाईल गिऱ्हाइकाला द्यायची. फाईल जाड झाली की माणूस मोठा झाला. आमचा धंदा हा एवढाच होता.

बिल्डर आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मुलुंडला त्याने बांधलेल्या इमारतीत पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना बुरशी आली होती आणि तिथल्या लोकांनी वर्तमानपत्रांना पत्रांमागून पत्रं लिहिली होती. ते नाव धुवायचं काम आमच्याकडे आलं. घाटकोपरला नेत्रशिबिर झालं, बोरिवलीला वृक्षारोपण. झाड एकच होतं, गुलमोहराचं रोप, डब्यात. बोरिवलीत फोटो झाल्यावर ते गाडीच्या डिकीत घालून मुलुंडला आणलं आणि तिथेही लावलं. तिसऱ्या ठिकाणी नेईपर्यंत त्याची पानं लोंबायला लागली होती, म्हणून फोटोत बिल्डर पुढे आणि रोप मागे. मी त्या दिवशी हसले होते. काय हसायचं होतं त्यात, देव जाणे.

आम्ही राहायचो तिथून जवळच, एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात. दोन खोल्या भाड्याच्या. घरमालकीण सत्तरीची विधवा. सगळे भाडेकरू तिला आंटी म्हणत. तिच्या लोकांची भातशेती गेली होती आणि मुलं नोकरीला लागली होती, पण बोली जुनी होती, आणि सणाला ती लाल चौकटीचं लुगडं नेसायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे तिला बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून रविवारी ती चर्चमधून, तिच्या भाषेत देवळातून, आली की मी अंगणात बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. तिला सगळं हवं असायचं, मासळीच्या भावापासून परदेशच्या लढाईपर्यंत. ऐकताना मध्येमध्ये "खोटा" किंवा "खरा" म्हणायची, आणि सहसा तिचं बरोबर असायचं.

अंगणाच्या पलीकडे, गावाच्या टोकाला विहीर होती. दगडी, गोल, काठावर दोरांनी खाचा पडलेल्या. शेजारी उंबर. ती जमीन गावातल्याच एका कुटुंबाची होती. ते सगळे परदेशी गेले आणि तिकडूनच त्यांनी ती बिल्डरला विकली. पण विहीर सगळ्या गावाची समजली जायची. विकताना कोणी तिचा वेगळा विचारच केला नाही. विहीर विकली जाते हे गावाला माहीत नव्हतं.

एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. "तू तिथेच राहतेस ना? मग जुन्या गावावर एक छान मजकूर कर. आठवणी, चालीरीती. शेवटी दोन ओळी, की शेठना या सगळ्याबद्दल आदर आहे, विहिरीभोवती ते बाग करणार आहेत." मला आनंद झाला. नेत्रशिबिर आणि गुलमोहराचा वीट आला होता. हे माझं गाव होतं, आणि बागेचं शेठ स्वतः म्हणालेत असं साहेब म्हणाले. मी विश्वास ठेवला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला हे बिल्डरचं होतं, पण त्याची जीभ म्हणजे मी, हे माझ्या लक्षात यायला अजून वेळ होता.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन आंटीकडे बसले. ती खूश झाली. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, गोराईच्या मुलाशी, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागायच्या आधी व्हायचं होतं, आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मी विहिरीबद्दल विचारलं.

"आता पानी कोन पितो गो तिचा? नल आले घराघरान," ती म्हणाली. "पन लग्नाला त्याच पानी लागतं. उंबराचं पानी. आदल्या दिसाला सांजचे बँड लावून जायाचा, कलशी भरून आनायची. त्या पान्यानं नवरीला आंघोल."

मग तिने आवाज खाली आणला. "आनि एक सांगते. पैला तांब्या आमी उंबराचे मुलाशी वततो. आदी झाडाला, मंग पोरीला. ही आमचेच घरची रीत. माजे सासूनं लावलेली. बाकी कोनी करत नाय. ती मागं राहून गुपचूप वतायची, तशीच मी वतते."

मी ते वहीत उतरून घेतलं, पण मजकुरात घातलं नाही, तिच्या घरचं म्हणून. बाकी सगळं घातलं. मला वाक्य अजून पाठ आहे: 'या विहिरीचं पाणी आज कोणी पीत नाही, एका सुंदर विधीपुरती ती गावाच्या मनात उरली आहे.' साहेब म्हणाले, "क्या बात है." छापून आलं, रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान. मी आंटीला वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी ती "खरा" म्हणाली.

पाऊस संपल्यावर उंबराच्या खोडाला नोटीस चिकटली. विहीर वापरात नाही, धोकादायक आहे, बुजवण्याची परवानगी मागितली आहे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. गावातले दोन वडीलधारे पुरुष पालिकेच्या कचेरीत जाऊन अर्ज बघून आले. अर्जासोबत पुरावा म्हणून जोडलेल्या कागदाची त्यांनी झेरॉक्स आणली आणि आंटीने ती मला वाचायला दिली. तो माझाच मजकूर होता, आमच्याच जाड कागदावर डिंकाने चिकटवलेला. खाली जाड रेघ मारलेली होती. ती वाक्याच्या मध्येच थांबली होती: 'या विहिरीचं पाणी आज कोणी पीत नाही'.

बागेचा परिच्छेद कापलेला होता. कात्री माझीच असणार, आमच्या ऑफिसात कात्रणं मीच कापायचे. जागा कमी पडली की शेवट कापायचा, ही आमची रीत.

"काय लिवलाय?" आंटीने विचारलं.

मी वाचून दाखवलं. कोणी लिहिलं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मजकुरावर माझं नाव कुठे होतं? 'आमच्या प्रतिनिधीकडून.' तिला मी एवढंच सांगितलेलं, की कॉलेजातल्या ओळखीच्या वार्ताहराला माहिती देतेय. मी कशात काम करते हे तिला नीट कळलं नव्हतं. ऑफिसात टायपिंग करते असं आईने सांगून ठेवलं होतं. झेरॉक्सची घडी करून मी तिला परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या नावाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. तिने अंगठा नाही उठवला, मोठ्या वळणदार अक्षरात सही केली. माझ्या नातीचं लग्न आहे, तिच्या आईला, मला, माझ्या सासूला ज्या पाण्याने आंघोळ घातली ते पाणी बुजवू नका, एवढंच त्यात होतं. साधं पत्र होतं आणि चांगलं होतं. वाचकांच्या पत्रांत छापून आलं. गावात चार दिवस तेच चाललं होतं. पोस्टमनसुद्धा आंटीला बघून सायकलवरून उतरायचा. नातीने ते कापून बायबलमध्ये ठेवलं. लग्नाच्या आत काही विहीर जात नाही, असं सगळे म्हणायला लागले, आणि मला वाटलं, चला, फिटलं.

सोमवारी साहेबांनी ते पत्र माझ्यासमोर टेबलावर टाकलं. "कोणीतरी हुशार माणसाने लिहून दिलंय म्हातारीला. शेठ भडकलाय. आपली वाट लागायची पाळी आहे यार. उत्तर लिही. त्याच जागी छापून आणतो, संपादकाशी बोललोय."

मी म्हणाले, "मी नाही लिहिणार."

"का?"

ते पत्र मीच लिहिलंय म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. साहेबांनी पत्र बाजूला सारलं. मग शांतपणे म्हणाले, "अगं, खोटं नको ना लिहूस. म्हातारीला काय पाहिजे? पाणी. पाण्याचं काहीतरी बघ."

घरी वडिलांची नोकरी गेलेली, धाकटा भाऊ कॉलेजात, हे सगळं होतंच. लोक असं सांगतात तेव्हा ऐकणारे मान हलवतात, बिचारी म्हणतात. त्या मानेचा मला उपयोग नाही. खरं सांगायचं तर मला ते उत्तर लिहायला आवडलं. तासाभरात मी त्यात बुडून गेले. आपल्याच पत्राला उत्तर द्यायचं होतं, त्यामुळे ते कुठे दुखतं आणि कुठे पोकळ आहे हे मला बरोबर ठाऊक होतं. 'आदरणीय आजींच्या भावना आम्ही समजू शकतो' अशी सुरुवात केली. गावातली लहान मुलं आणि उघडी विहीर, डास, ताप. आणि मग मला नळ सुचला. बिल्डरला नव्हे, साहेबांना नव्हे, मला. विहिरीच्याच जागी, उंबराच्याच सावलीत, गावाला कायमचा नळ, शेठच्या खर्चाने. विधीही राहील, पाणीही स्वच्छ मिळेल. पुढे माझी लेखणी अशी काही चालली की मी लिहिलं: 'विधीत पहिला तांब्या उंबराच्या मुळाशी ओततात, याची जाणीव ठेवून उंबराला धक्का लावला जाणार नाही.'

साहेबांनी वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "हे मलाही जमलं नसतं." त्या शाबासकीने माझे कान गरम झाले. ते सुखाने झाले होते, लाजेने नाही. लाज नंतर आली.

नळाची कल्पना बिल्डरला इतकी आवडली की त्याने संगमरवरी पाटीची ऑर्डरच देऊन टाकली. कचेरीत गावाची हरकत ऐकून घेतली गेली. पण पत्र आणि उत्तर दोन्ही समोर होतं. गावाला विहिरीऐवजी नळ मिळतोय, विधी चालू राहतोय, मग गावाचं नुकसान काय, याला गावाकडे उत्तर नव्हतं. मी उत्तर ठेवलंच नव्हतं.

ते छापून आलं त्या रविवारी आंटी नेहमीसारखी देवळातून आली, अंगणात खुर्ची ओढून बसली. पुढच्या बातम्या वाचून मी वर्तमानपत्र घडी करायला लागले. ती म्हणाली, "माजे पत्राचा जबाब आलाय म्हनतात. तो वाच."

मी वाचला. आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला. ती मध्ये "खरा" म्हणाली नाही, "खोटा" म्हणाली नाही. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "झाडाचा परत वाच."

मी परत वाचलं. पहिला तांब्या उंबराच्या मुळाशी.

कोंबड्या पायात आल्या तर तिने त्यांना हाकललंही नाही. मग म्हणाली, "ह्या मी आक्के जलमान एकाच मानसाला सांगितला." आणि उठून आत गेली. खुर्ची अंगणातच राहिली, ती मी उचलून ठेवली.

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. खोली खाली करा म्हणाली असती तरी चाललं असतं. आईला ती नेहमीसारखी वाटीभर कोलीम, ती बारीक कोळंबी, द्यायची, वडिलांशी बोलायची, माझ्याशीही, "आई हाय का घरान?" एवढं. फक्त रविवारचं वाचन बंद झालं. आईने विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला वेळ नसतो.

लग्नाच्या आधी महिनाभर विहिरीत डेब्रिजचे ट्रक रिकामे झाले. दगड पाण्यात पडायचे तेव्हा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, मग हळूहळू तो आवाज बदलला, कोरडा झाला. वर सिमेंट आलं, नळ आला, पाटी आली. उंबर ठेवला होता, शब्दाला जागून. त्याच्या खोडाभोवती मुळांवर फरशी बसवली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वाकोल्याहून बँड आला. दोन कर्णे, एक ढोल, टोप्या घातलेले वाजवणारे. बायका लुगडी नेसून, आंटी पुढे, डोक्यावर तांब्याची कळशी. भाडेकरूही निघालो, दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या लग्नात निघायचो तसे. नळापाशी बिल्डरचा माणूस उभा होता, नळाला झेंडूचा हार घालून. आमच्या ऑफिसचा फोटोग्राफर होता. साहेबांनी पाठवला होता, मला न सांगता.

आंटीने कळशी नळाखाली ठेवली. फोटो निघाला. मग तिने मागे वळून गर्दीत मला शोधलं आणि हाक मारली. "ये गो. तू उघड. तुजाच हाय तो."

सगळ्यांना वाटलं, मान दिला. हिंदूंच्या पोरीला मान दिला म्हणून आईला इतकं बरं वाटलं की तिने मला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. बँडवाल्यांनी सूर लावला. मी गेले. नळाची चावी नवी, घट्ट होती. दोन्ही हातांनी फिरवली.

हवा आली. मग गंजाचे दोन-चार थेंब, आणि पुन्हा हवा.

आमच्या त्या भागात नळाला पाणी सकाळी साडेपाचला यायचं आणि आठला जायचं. रोज पहाटे उठून पिंप भरणारी, पाणी जायच्या आत कपडे पिळणारी, नळावरून शेजारणीशी भांडलेली बाई मी. आणि संध्याकाळच्या विधीसाठी मी नळ लिहिला. साहेबांच्या डोक्यात आलं नाही, ते समजू शकतं. त्यांच्या इमारतीवर टाकी होती. बिल्डरच्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. पण मला? वाक्य इतकं बरोबर बसलं होतं की पाण्याची वेळ मला आठवलीच नाही. विहिरीला वेळ नव्हती.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "सकाळी येतं ना पाणी. सकाळी या सगळे." बँडवाले एकमेकांकडे बघत वाजवत राहिले, कारण थांबायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आंटीने थोडा वेळ कळशी तशीच नळाखाली राहू दिली. मग ती उचलली. आत गंजाचे थेंब होते, ते तिने उंबराच्या मुळापाशी ओतले. फरशीवर एक डाग पडला. रिकामी कळशी तिने डोक्यावर घेतली आणि भरलेली असावी तशी मान सांभाळत, सावकाश, परत निघाली. बायका मागून गेल्या. नातीची आंघोळ घरातल्या पिंपातल्या पाण्याने झाली, रोजच्यासारखी.

सोमवारी साहेबांनी फोटो दिला, खाली ओळ हवी होती. मी त्यांना सांगितलं की नळाला पाणी नव्हतं. त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. "मग भरताना असं लिहू नकोस," म्हणाले. "खोटं नको." मी लिहिलं: 'विवाहविधीसाठी कळशी घेऊन नव्या नळावर आलेल्या गावातील ज्येष्ठ आजी.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कोर्टात नेला असता तरी टिकला असता.

फोटो छापून आला त्या रविवारी आंटीने कित्येक आठवड्यांनी मला वाचायला हाक मारली. वर्तमानपत्र मांडीवर धरून बसली होती. फोटोतली ती स्वतः तेवढी तिला दिसत होती.

"वाच."

मी वर्तमानपत्र घेऊन ओळ वाचली.

"पुढं?"

"संपलं."

"पानी?"

"नळाला पाणी नव्हतं," मी म्हणाले.

"तसा लिवलाय?"

"नाही."

तिने वर्तमानपत्र माझ्या हातातून काढून घेतलं, नीट घडी केली आणि मला परत दिलं. "मंग लिव," ती म्हणाली. रागाने नाही, मासळी आन म्हणावं तसं.

मी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला ऑफिसात गेले आणि पुढे दोन वर्षं जात राहिले. बिल्डरची फाईल तीन बोटं जाड झाली. आंटी त्यानंतरच्या पावसाळ्यात वारली. तिच्या मातीला मी गेले, मूठभर माती टाकून परत आले. नळ अजून आहे, म्हणे. पाटीही आहे.

आंटी, आता लिहिते. विहिरीला पाणी होतं. ती वापरात नाही हे माझ्या वाक्यावरून ठरलं. नळ मी सुचवला. तुमच्या सासूची रीत मी विकली. आणि तुमच्या नातीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, बँड वाजत असताना, नळाला पाणी नव्हतं.